मेघ उठला म्हणजे

शास्त्रपाठ : गणना ७:६-९ आणि ९:१५-२३. सोबत वाचावे : फिलिप्पैकरांस ४:१०-१३, इब्री ५:११-१४.



सोलापूर जिल्ह्यात ज्यांनी प्रवास केला आहे त्यांस कुर्डुवाडी जंक्शन ठाऊक असेलच. १८५९ साली पुण्याकडून येणारा लोहमार्ग येथवर पोहोचला, तेव्हा ह्या स्टेशनाचे नाव बार्शी रोड असे होते. बार्शीस जाणाऱ्या मनुष्याने येथे उतरावे, एवढेच काय ते ह्या ठिकाणाचे महत्त्व. पुढे १८९७ साली कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने येथून बार्शीपर्यंत लहान गाडी नेली. १९०६ साली ती पंढरपुरास गेली, १९११ साली दुसऱ्या बाजूने लातुरास, आणि १९२७ साली पंढरपुराकडील फाटा मिरजेस जाऊन भिडला. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमध्ये साडेपाच फूट अंतर आणि लहान गाडीच्या रुळांमध्ये अवघे अडीच फूट. म्हणून शंभर वर्षांहून अधिक काळ येथे असा नियम चालला की, एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर कधीही जाऊ शकत नसे. मुंबईहून आलेला प्रवासी कितीही मोठा असो, त्यास येथे गाठोडे घेऊन उतरावेच लागे. लातुराकडील धान्याचे पोते असो की बार्शीच्या कापसाची गाठ असो, ती एका डब्यातून निघून हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात जाई. डबा येथेच राही. माल पुढे जाई.

१९५४ साली ही लहान गाडी सरकारने विकत घेतली. ह्या शतकाच्या आरंभी तिचे रूळ उखडून तेथे मोठे रूळ घालण्यात आले. २००८ साली लातूरपर्यंतचा मार्ग पुरा झाला आणि पुढील दोन-तीन वर्षांत मिरजेपर्यंतचा. आता कुर्डुवाडीस डबे बदलावे लागत नाहीत. परंतु जुन्या माणसांस विचारा; ती सांगतील की आषाढीच्या दिवसांत ह्या फलाटावर केवढी धांदल उडत असे, कोणाचे पोर हरवे, कोणाचे भांडे राही, आणि गाडी बदलताना सगळ्यांत आधी काय उचलावे हे ज्याला कळे तोच सुखाने पुढे जाई.

हे शेवटले वाक्य आम्ही मुद्दाम लिहिले आहे. गाडी बदलताना आधी काय उचलावे, हाच आजच्या उपदेशाचा विषय आहे.

इस्राएल लोक अरण्यात होते. निवासमंडप उभा झाला त्या दिवशी मेघाने तो झाकला, आणि रात्री तो मेघ अग्नीसारखा दिसू लागला. मेघ वर उठला म्हणजे लोकांनी तळ हलवावा. मेघ जेथे उतरेल तेथे डेरे द्यावे. शास्त्रलेखक ही गोष्ट एकदा सांगून थांबत नाही. तो ती पुन्हा पुन्हा सांगतो, जणू काही ऐकणाऱ्यास ती पटणार नाही अशी त्यास खात्रीच आहे. कधी मेघ संध्याकाळी उतरे आणि सकाळी उठे. कधी दोन दिवस राही, कधी एक महिना, कधी त्याहूनही अधिक काळ. किती दिवस हे आधी कोणास कळत नसे. विचार करा : ज्या आईने संध्याकाळी डेऱ्याच्या खुंट्या ठोकल्या, चूल मांडली, पोराला निजवले, तिला पहाटे उठून ते सगळे मोडावे लागले. आणि ज्या तरुणास वाटत होते की आता वचनदत्त देश जवळ आला, त्यास एका उजाड जागी वर्षभर बसून राहावे लागले. दोघांपैकी कोणास अधिक कठीण गेले असेल? आमचे मत असे की बसून राहणाऱ्यास. निघण्यात निदान काही केल्याचे समाधान असते. थांबण्यात मनुष्याच्या हाती काहीच नसते, आणि विश्वासाची खरी परीक्षा तेथेच होते. तरी शास्त्र दोहोंस एकच नाव देते. निघणे हेही परमेश्वराच्या आज्ञेवरून आणि थांबणे हेही परमेश्वराच्या आज्ञेवरून.

आता मागे सातव्या अध्यायाकडे या. हा भाग आपण सहसा घाईने वाचून टाकतो, कारण त्यात नावे आणि आकडे फार आहेत. सरदारांनी सहा गाड्या व बारा बैल अर्पण केले. मोशेने त्यांची वाटणी केली. गेर्षोनी लोकांकडे मंडपाचे पडदे होते. त्यांस दोन गाड्या व चार बैल मिळाले. मरारी लोकांकडे फळ्या, खांब व बैठका असे अवजड सामान होते. त्यांस चार गाड्या व आठ बैल मिळाले. कहाथी लोकांस मात्र एकही गाडी मिळाली नाही. का? त्यांच्याकडे पवित्रस्थानातील वस्तू होत्या, आणि त्या खांद्यावरूनच न्यावयाच्या होत्या. गाडी होती, बैल होते, कोणी कंजूषपणा केला असेही नव्हे. पण कोश गाडीत घालावयाचा नव्हता. पुढे दाविदाच्या काळी लोकांनी तो नव्या गाडीत घातला, आणि त्याचा परिणाम काय झाला हे दुसऱ्या शमुवेलाच्या सहाव्या अध्यायात लिहिलेले आहे.

तर मग प्रत्येक मुक्काम हलताना इस्राएलाचे सामान दोन प्रकारचे होते. काही गाडीने जाई. जे सर्वांत मोलाचे ते मनुष्याच्या खांद्यावर.

सोलापूर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८६० च्या दशकात सुरू झाले. त्या मिशनने शाळा दिल्या, दवाखाने दिले, उपदेशकांस पगार दिला, दुष्काळात अन्न दिले. देवाने ती गाडी दिली होती आणि ती चांगली गाडी होती. तिला नावे ठेवणे आम्हांस आवडत नाही. परंतु त्या गाडीत आपण काय काय घातले? कित्येक गावांत आपण पडदे घातले, खांब घातले, आणि त्यांच्याबरोबर कोशही घालून दिला. प्रार्थना कोणी करावी? मिशनच्या उपदेशकाने. मुलांस शास्त्र कोणी शिकवावे? मिशनच्या मास्तराने. आजाऱ्याजवळ कोणी बसावे? बायबल-बाईने. मग मेघ उठला. १९२४ साली आपल्या मंडळ्या संयुक्त मंडळीत आल्या, १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरास उत्तर भारतातील मंडळीची स्थापना झाली, परदेशी मिशनरी एकेक करून गेले, पगार थांबले, शाळा दुसऱ्यांच्या हाती गेल्या. गाडी त्या रुळावर थांबली, कारण तिचे रूळ तेथवरच होते. ज्यांनी कोश खांद्यावर घेतला होता ते पुढे चालले. ज्यांनी तो गाडीत ठेवला होता ते अजून फलाटावर उभे राहून गाडी परत कधी येणार असे विचारीत आहेत. एका खेड्यात एका वृद्ध गृहस्थाने आम्हांस हेच विचारले, आणि तो रागाने विचारीत नव्हता. त्यास खरोखरच जाणून घ्यावयाचे होते.

आम्ही त्यास काय सांगावे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण आम्हांस आठवते. ते ह्या ठिकाणी अगदी जुळते, कारण त्यांचा प्रवासही आगगाडीच्या डब्यात सुरू झाला. राजनांदगावास जात असता गाडीत एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांस नव्या कराराची प्रत दिली आणि वाचण्याची विनंती केली. तो गृहस्थ कोण हे पुढे कधी कळले नाही. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन जिंकले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. घर, जात, मित्र, मान हे सर्व त्या दिवशी मागे राहिले. नंतर बावीस वर्षे ते मिशनच्या सेवेत होते. अहमदनगरास त्यांचे नाव झाले, त्यांची गीते गावोगाव गेली. १९१७ साली त्यांनी तीही गाडी सोडली. पगार सोडला, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि उरलेली दोन वर्षे रोजच्या भाकरीसाठी देवाकडे पाहत काढली. १९१९ च्या मे महिन्यात ते प्रभूकडे गेले. ते पगार सोडून गेले म्हणून प्रत्येक उपदेशकाने तसेच करावे असे आम्ही म्हणत नाही. लेकरेबाळे असलेल्या गरीब उपदेशकास असा सल्ला देणे सोपे असते आणि तो बहुधा पोट भरलेला मनुष्यच देतो. परंतु पगार होता तेव्हाही आणि नव्हता तेव्हाही त्यांच्या खांद्यावर काय होते, ते पाहावे. पगार गेला तेव्हा त्यांस नवीन काही उचलावे लागले नाही.

लक्ष्मीबाईंची गोष्ट ह्याहूनही मनास लागणारी आहे, कारण मेघ त्यांनी पाहिलाच नव्हता. तो त्यांच्या पतीने पाहिला होता. बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहान मूल होते, आणि दुःखाने त्यांची दशा अशी झाली की आप्तांस काळजी वाटू लागली. पुढे काही काळ त्या पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या. त्या वेळी पंढरपुरास आगगाडी गेली नव्हती. कुर्डुवाडीपासून तेथवर बैलगाडीने किंवा टांग्याने जावे लागे, आणि अशा वाटेने माणूस जाई ते बहुधा देवदर्शनाच्या आनंदात. एक तरुण स्त्री ज्या वेळी नवऱ्याला जिवंतपणी गमावून त्या क्षेत्रात येऊन राहिली, त्या वेळी तिच्या मनात काय असेल, हे आमच्या भगिनींनीच ठरवावे. त्या नवऱ्याकडे परत गेल्या, पण धर्मात आल्या नाहीत. वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी, सोवळेओवळे असे सर्व कित्येक वर्षे चालले. मग ते हळूहळू गळत गेले. एके दिवशी हातचे पाणी, एके दिवशी जेवण, एके दिवशी मनातील जातिभेद. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीनंतर पाच वर्षांनी! ह्या पाच वर्षांत टिळकांनी त्यांस ओढले असते तर? आमच्या मंडळ्यांत असे पुष्कळ नवरे आहेत, आणि काही बायकाही, ज्यांस वाटते की आपण मेघ पाहिला म्हणजे घरातील सर्वांनी त्याच घटकेस डेरे उपटावे. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी आल्या म्हणूनच पतीच्या मृत्यूनंतर त्या कोसळल्या नाहीत. पतीने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनीच पुढे लिहून पूर्ण केले, आणि आपल्या आठवणीही लिहिल्या, ज्या आज ख्रिस्ती नसलेली घरेही प्रेमाने वाचतात. जी बाई एके काळी ह्या विश्वासापासून पळत होती तिच्याच हातून ते काम झाले. १९३६ साली त्यांचे देहावसान झाले.

आता वाढीविषयी. आपले कित्येक लोक बाप्तिस्म्यास शेवटले स्टेशन समजतात. नाव नोंदले, पाणी घेतले, प्रभुभोजनास बसले, आता आणखी कोठे जावयाचे? इब्रीकरांस पत्र लिहिणारा अशा लोकांवर थोडा चिडलेलाच दिसतो. तो म्हणतो की एवढ्या काळात तुम्ही दुसऱ्यांस शिकविणारे व्हावयास पाहिजे होता, आणि अजून तुम्हांस दूधच पाजावे लागत आहे. भाकरी केव्हा खाणार?

ह्याच लोहमार्गावर, कुर्डुवाडीहून पुण्याकडे जाताना, दौंडाच्या पलीकडे केडगाव स्टेशन लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. रमाबाईंच्या आयुष्यात गाडी किती वेळा बदलली हे मोजावयाचे म्हटले तर बोटे पुरणार नाहीत. १८५८ साली जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पण तीर्थयात्रा करता करता दुष्काळ आला, आणि थोड्याच महिन्यांत वडील, आई व थोरली बहीण ही सर्व गेली. मग भाऊ आणि बहीण पायी हिंडू लागली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घालावयास काही नसल्यामुळे त्या दोघांनी वाळूत खड्डे खणले, आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले, पुढल्या वर्षी मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेला. वय अवघे तेवीस. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट सांगणारे बहुधा येथे थांबतात आणि देवाची स्तुती करतात. रमाबाई स्वतः मात्र येथे थांबल्या नाहीत. आपल्या साक्षीत त्यांनी उघडपणे लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता. तो मला पुष्कळ वर्षांनी भेटला. हे कोण लिहिते? संस्कृताची पंडिता, जिला कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली, जिने अमेरिकेत सभा गाजविल्या, जिने १८८९ साली मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले! एवढे काम चाललेले असता ती बाई म्हणते, मला अजून प्रभू सापडावयाचा होता. आमच्यापैकी ज्या उपदेशकास दहा वर्षे, वीस वर्षे प्रवचने करून झाली आहेत त्याने हे वाक्य रात्री दिवा मालवण्यापूर्वी एकदा मनात आणावे. तो कदाचित त्या रात्री उशिरा निजेल.

आणि ती वाढ कशात झाली? सुखाच्या दिवसांत झाली नाही. १८९३ च्या सुमारास पुण्यास गदारोळ झाला, सल्लागार सोडून गेले, पालकांनी आपल्या मुली शाळेतून काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी उपाशी मुली गोळा करून आणल्या, आणि पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांस केडगावच्या मोकळ्या शेतात न्यावे लागले. निवारा मिळाला तो असा. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार जीव होते. त्या मुलींस दळणे, विणणे, शेती, छापखाना असे सर्व शिकविले. आणि रमाबाईंनी स्वतः उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे भाषांतर आरंभिले, तेही खेड्यातील बाईस कळेल अशा साध्या मराठीत. पंडितांच्या मराठीत नव्हे, जी त्यांस सहज लिहिता आली असती. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस रमाबाई गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली त्यांच्याच मुलींनी चालविलेल्या छापखान्यातून संपूर्ण छापून निघाले.

पौल फिलिप्पैकरांस सांगतो की, मी कोणत्याही स्थितीत तृप्त राहण्यास शिकलो आहे. ‘शिकलो’ हा शब्द लक्षात ठेवावा. तो जन्मतः तसा नव्हता, आणि दमास्कसच्या वाटेवर एका क्षणात तसा झालाही नाही. आणखी एक गोष्ट : तो म्हणतो की टंचाईत राहणे जसे मला समजले तसे विपुलतेत राहणेही समजले. विपुलतेत राहणे काय शिकावयाचे, असे कोणी विचारील. माढा तालुक्याने ह्याचे उत्तर द्यावे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, परदेशची तांबडी मिलो खाल्ली, त्यांची प्रार्थनासभा भरत असे. जुनी माणसे तसे सांगतात. १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले. कोणाची गावे पाण्याखाली गेली, आणि कोणाच्या कोरड्या रानात पाटाचे पाणी आले, ऊस आला, पैसा आला. एकाच धरणाने एकाचा मेघ उठला आणि दुसऱ्याचा उतरला. ज्याचे गाव बुडाले तो देवाकडे धावला की देवावर रुसला, आणि ज्याच्या शेतात ऊस उभा राहिला त्याची रविवारची जागा भरलेली राहिली की रिकामी झाली, ह्याचा हिशेब प्रत्येक पंचमंडळाने आपल्या गावापुरता करावा. इस्राएलही मेघामागे निघाल्यावर थोड्याच दिवसांत काकड्या, कांदे आणि लसूण आठवून रडू लागले होते. दास्याची चव माणूस विसरतो, भाजीची विसरत नाही.

शेतकरी बंधूंस वाढ म्हणजे काय हे आम्ही काय शिकवावे? आपल्याकडे शाळू पेरतात तो पाऊस संपत आल्यावर. पुढे चार महिने बहुधा आकाश कोरडे असते. काळी जमीन वरून तडकत जाते, भेगा पडतात, परका मनुष्य पाहील तर म्हणेल की हे पीक गेले. पण मूळ ओलीच्या मागे खाली खाली जात असते, आणि जमिनीने पावसाळ्यात जे पिऊन ठेवले त्यावर कणीस भरते. मंगळवेढ्याची ज्वारी उगीच नावाजली नाही. ज्या वर्षी वरून काही मिळत नाही त्या वर्षी खाली जावयाचे असते. परंतु हेही खरे की, जमिनीत ओल आधी मुरलेली पाहिजे. दुष्काळ पडल्यावर शास्त्र वाचावयास घेऊ असे जो म्हणतो, त्याने पेरणी करून मग पावसाळ्याची वाट पाहण्याचा बेत केला आहे.

आता एका नाजूक विषयास हात घालतो, कारण तो टाळून विश्वासाविषयी बोलणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९५० साली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ साली त्या शिखांस व १९९० साली बौद्धांस मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांस मिळाल्या नाहीत. म्हणून आमच्या किती घरांत मुलाचे एक नाव शाळेच्या दाखल्यावर आणि दुसरे मंडळीच्या पुस्तकात असते, हे आम्हांस माहीत आहे आणि तुम्हांसही माहीत आहे. ह्या अन्यायाविरुद्ध कायद्याच्या मार्गाने झगडणे योग्यच आहे. बाप्तिस्मा घेतल्याने गावकुसाबाहेरचे घर गावात येत नाही, हे ज्याने खेडे पाहिले आहे त्यास सांगावयास नको. परंतु तोवर काय? व्यासपीठावरून अशा आईबापांस झोडपणारे पाळक आम्ही ऐकले आहेत. आम्हांस नामान आठवतो. तो बरा झाला, त्याने जिवंत देव ओळखला, आणि निघताना त्याने अलीशास भीतभीत सांगितले की, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, परमेश्वर मला ह्याची क्षमा करो. अलीशाने त्यास शिव्या दिल्या नाहीत, आणि बरे करतोस असेही म्हटले नाही. शांतीने जा, एवढेच तो म्हणाला. आमचेही म्हणणे तेवढेच. पण त्या आईबापांनी एक गोष्ट मनाशी धरावी. मूल कागदावरच्या नावापेक्षा आईबापांच्या चेहऱ्यावरची भीती लवकर वाचते. घरात प्रार्थना दार लावून आणि आवाज दाबून होत असेल, तर मुलाच्या खांद्यावर तुम्ही कोश दिला की केवळ एक गुपित दिले? नोकरी लागून ते मूल पुण्यास किंवा मुंबईस जाईल, मेघ त्याचाही उठेल, आणि तेथे त्यास ओळखणारे कोणी नसेल. त्या दिवशी गुपित टाकून देणे फार सोपे असते.

आमच्या उपदेशक बंधूंस व वडीलमंडळींस एक विनंती आहे. येत्या आठवड्यातील घरसभांत प्रवचन करू नये. ज्या घरी रमाबाईंचे भाषांतर असेल तेथे ते काढावे, नसेल तेथे जे असेल ते, आणि गणनेचा नववा अध्याय पंधराव्या ओवीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा. ज्यास वाचता येते त्या लहान मुलास वाचावयास द्यावे. अडखळला तरी चालेल. दोन दिवस, महिना, वर्ष हे शब्द आले की तेथे त्यास थांबवावे. मग घरातील सर्वांत वयस्क माणसास विचारावे की, आपल्या घराचा मेघ कोणकोणत्या साली उठला, आणि त्या वेळी खांद्यावर काय होते. जे सांगतील ते कुटुंबाच्या शास्त्रात, जेथे जन्म व बाप्तिस्मे नोंदलेले असतात त्या पानावर, सालासह लिहून ठेवावे. पुष्कळ घरांत आजी हे सांगताना रडेल. तिला घाई करू नये. खाली थोडी जागा कोरी सोडावी.